मेंढरं ती मेंढरं

टीव्हीत काम करतो असं सांगितलं की लोक आधी माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघतात आणि मग जरा पडेल आवाजात म्हणतात, "कधी दिसला नाहीत." मी दिसत नाही. सोलापुरातल्या एका स्थानिक वृत्तवाहिनीत मी बावीस वर्षं डेस्कवर बसतो. डेस्क म्हणजे न्यूजरूमचं स्वयंपाकघर. बातमीदार बाजारहाट करतो, अँकर नटूनथटून वाढते. निवडायचं, चिरायचं, फोडणी घालायची आणि मीठ जास्त झालं की बोलणी खायची, हे काम डेस्कचं.

या अंकासाठी मी माझ्या गाजलेल्या बातम्यांबद्दल लिहावं अशी संपादकांची इच्छा होती. दोन दिवस बसून आठवल्या. बहुतेक गाजलेल्या बातम्या दुसऱ्यांच्या निघाल्या. पूर्णपणे माझी म्हणता येईल अशी एकच गोष्ट सापडली. ती एक चूक होती, आणि तीही मी चार दिवस दुसऱ्याच्या नावावर ठेवली होती. तीच लिहितो.

आमच्याकडे दर वर्षी जूनमध्ये पत्रकारितेच्या कॉलेजातून इंटर्न येतात. सहा महिने आमच्याकडे काढायचे, शेवटी कॉलेजचा एक फॉर्म आमच्याकडून भरून न्यायचा. या फॉर्मवर मार्गदर्शकाची, म्हणजे माझी, आणि मुख्य संपादकांची सही लागते. सही नसेल तर त्या विषयात नापास आणि वर्ष वाया. मुलं मला 'सर' म्हणतात ते बरंचसं या फॉर्ममुळे.

आलेल्या प्रत्येकाला अँकर व्हायचं असतं. त्या वर्षी आलेली लावण्या तर मनानं झालेलीच होती. पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातली मुलगी. घरी फोनवर अम्माशी तेलुगूत भांडायची आणि फोन ठेवला की अशी शुद्ध मराठी बोलायची की आम्ही सगळे ओशाळायचो. चहा आला की खुर्चीत ताठ होऊन म्हणायची, "आणि आता वळूया चहाकडे." पहिल्या आठवड्यात हसू आलं. दुसऱ्या आठवड्यात चहावाला दारातूनच तिच्याकडे बघून थांबायला लागला. ती म्हणेपर्यंत ट्रे खाली ठेवायचा नाही.

दुसरा बिरू. सांगोल्याच्या पलीकडे, जतच्या वाटेवर त्याचं गाव. वडील मेंढपाळ, आजोबा मेंढपाळ, घराण्यात पेन धरणारा हा पहिला. वडिलांनी त्याला एवढंच सांगून पाठवलं होतं, "ह्ये एक वरीस तुजं. पास झालास तर तितं ऱ्हा. न्हाय तर काठी हाय घरात." ही गोष्ट त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितली. तक्रार म्हणून नव्हे. नाव, गाव, रक्तगट सांगावा तशी.

पहिल्या आठवड्यात मी त्याला एका नगरसेवकाची बाईट आणायला पाठवलं. बाईट म्हणजे कुणीतरी कॅमेऱ्यापुढे बोललेली दोन-चार वाक्यं. विषय होता कचरा. अर्ध्या तासाचं काम. तीन तास झाले, बिरूचा पत्ता नाही. शेवटी नगरसेवकांचाच फोन आला, हळू आवाजात.

"शेटे, तुमचं नवीन पोरगं मला कचरा डेपोवर घेऊन आलंय."

"तुम्हाला? का?"

"मी म्हटलं, प्रयत्न चालू आहेत. ते म्हणालं, कुटं चालू हायत, चला बघू. आता नाही कसं म्हणायचं, कॅमेरा चालू होता. लवकर बोलवून घ्या हो, इथं कुत्री फार आहेत."

मी त्याला बोलावून घेतलं आणि समजावलं. 'प्रयत्न चालू आहेत' हे वाक्य बघायला जायचं नसतं, नुसतं ऐकून घ्यायचं असतं. त्यानं ते वहीत लिहून घेतलं. मग विचारलं, "मग आपुन ते दाखवतो कशाला, सर?" मी त्याला दुसरं काम दिलं.

आता टीव्हीच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. वर्तमानपत्राला बातमी मिळाली की भागतं. आम्हाला चित्र लागतं. गावात काहीतरी घडतं, आमचा कॅमेरा तिथं पोचायला तीन तास, आणि बुलेटिन चाळीस मिनिटांवर. अशा वेळी जुन्या चित्रणातले तुकडे काढून लावायचे. त्यांना फाइल शॉट म्हणतात. पाणीटंचाईची बातमी आली की आमच्याकडे सहा वर्षं एकच बाई एकाच नळावर एकच हिरवी घागर भरत होती. एकदा त्या बाई ऑफिसात आल्या. म्हणाल्या, "ते घर सोडून मला तीन वर्षं झाली. आता तरी मला तिथनं हलवा हो. सुना हसतात." मी म्हटलं, बघतो. पुढच्या उन्हाळ्यात त्या पुन्हा त्याच नळावर होत्या.

याला नियम आहे. जुनं चित्र लावलं की पडद्याच्या कोपऱ्यात 'फाइल' असं लिहायचं. तीन अक्षरं. मी दर वर्षी इंटर्नना पहिल्या दिवशी हा नियम शिकवतो आणि दुसऱ्या दिवसापासून मोडतो.

फाइल शॉटचा साठा, म्हणजे लायब्ररी, वाढावी म्हणून त्या वर्षी मी एक युक्ती काढली. इंटर्नना म्हटलं, सुट्टीला घरी जाल तेव्हा आपापल्या भागातली पाच मिनिटांची दृश्यं आणा. लावण्यानं यंत्रमाग आणले. बिरूनं पाच मिनिटांऐवजी दीड तास आणला. सगळी मेंढरं. सगळी त्याच्या वडिलांची.

पण काय चित्रण होतं ते! कोवळं ऊन, माळ, धूळ सोनेरी झालेली आणि त्यातून येणारा कळप. माडग्याळी जातीची मेंढरं ती, पोपटासारख्या बाकदार नाकाची, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके. मध्ये त्याचे वडील एक कोकरू दोन्ही हातांनी उचलून कॅमेऱ्याकडे बघून तोंडभर हसत होते. आणि एक मोठा मेंढा, पूर्ण पडदा भरून, रवंथ करत, आपल्याशिवाय जगात कुणी नाही अशा तोऱ्यात.

"ह्यो नवरदेव," बिरू म्हणाला. "त्याचं नाव हाय ते. ही शेवंती. ही तिची पोरगी. ही लंगडी न्हाय सर, उगं लाडात चालती."

"सगळ्यांना नावं आहेत?"

"मग? तुमी ऑफिसात सगळ्यांला नावानंच हाका मारताय की."

आमचे व्हिडिओ एडिटर इरफानभाई सहसा कुणाच्या कामाला बरं म्हणत नाहीत. तेही म्हणाले, "सर, छोकरे का हाथ साफ है." मी बिरूची पाठ थोपटली. तो लाजून खाली बघत राहिला. मला माझ्या युक्तीचा अभिमान वाटला. इथपर्यंत मी चांगला माणूस होतो.

ऑक्टोबरातला शनिवार. सातचं बुलेटिन. सव्वासहाला आमच्या दुसऱ्या तालुक्यातल्या वार्ताहराचा फोन आला: एका वाडीत मेंढ्यांना देवीचा रोग लागलाय, काही दगावल्यात, पशुवैद्यकीय डॉक्टरांनी लस टोचून घ्यायचं आवाहन केलंय. बातमी महत्त्वाची. डॉक्टरांची बाईट होती, पण मेंढीचं एकही चित्र नव्हतं.

मी ओरडलो, "इरफानभाई, लायब्ररीत मेंढरं आहेत का?"

"हैं ना सर, बिरू लाया सो. एकदम क्लास शॉटां हैं."

"टाका."

"कोने में फाइल लिखूं क्या?"

वरच्या कोपऱ्यात त्या दिवशी साडी महोत्सवाची जाहिरात होती. 'फाइल' लिहायचं तर ती खाली सरकवायची, म्हणजे जाहिरात विभागाला फोन करायचा, म्हणजे त्यांची कटकट ऐकायची. घड्याळात सहा पन्नास.

"राहू द्या," मी म्हणालो. "मेंढरं ती मेंढरं. कुणाला ओळखू येणारेत?"

हे वाक्य मी ज्या खोलीत बोललो त्याच खोलीत चार महिने एक मुलगा मला शेवंती आणि तिच्या पोरीतला फरक समजावत होता. तो त्या दिवशी सुट्टीवर होता. असता तर मी विचारलं असतं का? प्रामाणिकपणे सांगतो, नसतं विचारलं.

बातमी लागली. अँकरचा आवाज म्हणाला, "मेंढपाळ हवालदिल झाले आहेत," आणि पडद्यावर बिरूचे वडील कोकरू उंच धरून तोंडभर हसले. आवाज म्हणाला, "चारा न खाणे, तोंडातून लाळ गळणे ही रोगाची लक्षणं आहेत," आणि नवरदेव पूर्ण पडदाभर मोठ्या चवीनं चघळत राहिला. शेजारी बसलेल्या लावण्यानं माझ्याकडे बघितलं. मी घड्याळाकडे बघितलं. बातमी वेळेत बसली होती.

दुसऱ्या दिवशी सांगोल्याचा जनावरांचा बाजार होता. वर्षभर जपलेली कोकरं घेऊन बिरूचे वडील पहाटेच तिथं पोचले होते. पहिला व्यापारी आला, कोकरांना हात लावला, मग मागं उभ्या असलेल्या नवरदेवाकडे त्याचं लक्ष गेलं.

"ह्यो काल टीव्हीवर हुता की!" असं म्हणून त्यानं हात धोतराला पुसला.

एवढं पुरलं. दहा वाजेपर्यंत बाजारात 'टीव्हीवाली मेंढरं' हे नाव पडलं आणि त्यांच्या चारी बाजूंनी मोकळी जागा झाली. संध्याकाळी गावी परतले तर पाणवठ्यावर भावकीतले लोक काठ्या घेऊन उभे. म्हणाले, तुझा कळप लांब पाज. माणूस रोज टीव्ही बघतो त्यात त्याला शंभर गोष्टी खोट्या वाटतात. पण शेजाऱ्याबद्दल काही वाईट दाखवलं की ते मात्र शंभर टक्के खरं असतं.

सोमवारी सकाळी अकराला ते आमच्या ऑफिसात आले. खांद्यावर घोंगडं, हातात तालुक्याच्या डॉक्टरांनी मेंढरं धडधाकट असल्याचं लिहून दिलेला कागद. सोबत बिरू, तो रविवारी रात्री घरी पोचला होता आणि त्यांना घेऊन आला होता. मुख्य संपादक, ज्यांना आम्ही साहेब म्हणतो, त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

वडील खुर्चीवर बसले नव्हते. उभ्यानंच म्हणाले, "मालक, माझी मेंढरं चांगली हायत. तुमी ती आजारी केली. आता तुमीच बरी करा."

साहेबांनी ती बातमी पुन्हा लावून बघितली. हसणारे वडील, चघळणारा नवरदेव. साहेबांचा चेहरा लाल झाला. "शेटे, हे शॉट कुणी टाकले?"

यानंतर मी जे बोललो ते लिहायला मला आजही जड जातं. मला बडतर्फ करतील असं काही नव्हतं. फार तर चार शब्द ऐकावे लागले असते. पण बावीस वर्षांच्या नोकरीत एक सवय लागते: वरून प्रश्न आला की तो खाली सरकवायचा. मी म्हणालो, "नवीन पोरं आहेत साहेब... घाईत... शॉट बिरूचेच होते."

यातला शब्दन् शब्द खरा होता. पोरं नवीन होती, घाई होती, शॉट बिरूचेच होते. बातमीत खरी वाक्यं एकापुढं एक ठेवून खोटं कसं सांगता येतं हे मी मुलांना कधी शिकवलं नव्हतं. त्या दिवशी करून दाखवलं.

साहेब बिरूला म्हणाले, "स्वतःच्या बापाची मेंढरं? बिनडोक आहेस का? या पोराच्या फॉर्मवर माझी सही होणार नाही."

वडील मुलाकडे वळले. "तू टाकलंस व्हय रं?"

बिरूनं माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे.

"शिकून ह्येच केलंस," वडील म्हणाले. "चल."

दोघं जिना उतरून गेले. मी जागेवर येऊन बसलो. लावण्यानं विचारलं, "सर, शॉट टाकायला तुम्ही सांगितलं ना? मी इथंच होते."

"तू दीडचं बुलेटिन लिही."

तिनं लिहिलं. चहा आला. ट्रे धरून चहावाला तिच्याकडे बघत उभा राहिला. ती काही बोलली नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं, ट्रे ठेवला आणि गेला. इरफानभाई भले माणूस, त्यांनी फक्त एकदाच म्हटलं, "सर, मैं पूछा था ना." पण पुढचे दोन दिवस ते मला प्रत्येक गोष्ट विचारायला लागले. "सर, ये हेडलाइन में रंग लाल रखूं क्या? बाद में बोलेंगे नक्को." "सर, पंखा दो पे रखूं क्या?" अख्ख्या न्यूजरूमसमोर. "सर, मैं खाना खाऊं क्या?"

बुधवारी रात्री झोप लागली नाही. गुरुवारी सकाळी मी साहेबांच्या केबिनकडे गेलो. ते मीटिंगला पुण्याला गेले होते. खरं सांगतो, मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची इतकी लाज वाटली की मी तसाच खाली उतरलो आणि गाडीच्या ड्रायव्हरला म्हणालो, सांगोल्याला चल. लावण्या मागून धावत आली.

"मीही येते."

"कशाला?"

"तुम्ही तिथं जाऊन 'बघतो' म्हणाल."

वाटेत मी सगळं ठरवून टाकलं. निरोगी कळपाची नवी बातमी करायची. डॉक्टरांचा कागद दाखवायचा. लावण्या कॅमेऱ्यापुढे छान बोलेल. तिचंही स्वप्न पूर्ण होईल, मेंढरंही बरी होतील आणि मी नेहमीसारखा कॅमेऱ्याच्या मागं राहीन. मंगळवेढ्यापर्यंत मला माझी योजना फारच उदार वाटायला लागली होती.

माळावर कळप चरत होता. बिरू काठी घेऊन उभा होता. अंगात तोच शर्ट, जो घालून तो ऑफिसला यायचा. मी वडिलांना योजना सांगितली. त्यांनी लावण्याकडे बघितलं.

"ह्या पोरीनं काय केलंय?"

"काही नाही. ती चांगलं बोलते."

"मग तिला कशापायी उनात उभी करताय? टीव्हीवर झालं, ते टीव्हीवरच निस्तरा. आन् तुमच्या तोंडानं."

"मी कॅमेऱ्यापुढं कधी..."

"माजी मेंढरं बी कवा गेली न्हवती."

आमचा कॅमेरामन सोलापुरातच राहिला होता. गाडीतला कॅमेरा बिरूनं घेतला. खांद्यावर ठेवला, एक डोळा मिटला आणि चार महिने मी ज्याला 'असं नको, तसं कर' सांगत होतो तो मुलगा म्हणाला, "सर, जरा डावीकडं. घाम पुसा. बोला."

पहिल्या टेकला मी 'नमस्कार' म्हणालो आणि पुढचं विसरलो. दुसऱ्याला स्वतःचं नाव विसरलो. तोवर आजूबाजूच्या वस्तीवरून आठ-दहा माणसं जमली होती. त्यातले दोघं पाणवठ्यावर काठी घेऊन उभे राहिलेले होते, असं मला मागून कळलं. तिसऱ्या टेकला मी चांगली लय पकडली, "ही मेंढरं पूर्णपणे निरोगी आहेत," असं ठणकावून म्हणालो, आणि मागे एक मेंढी खणखणीत खोकली.

"धुळीनं खोकली ती," वडील घाईनं म्हणाले. "परत घ्या, परत घ्या."

चौथ्या टेकला मी म्हणालो, "काही तांत्रिक कारणामुळे..." बिरूनं कॅमेरा खाली घेतला.

"तांत्रिक म्हंजे मशीन बिघडलं हुतं का, सर?"

"नाही."

"मग पुन्यांदा घेऊ."

मी खिशातून कागद काढला. लावण्यानं वाचावं म्हणून वाटेत नीट लिहून आणलं होतं. ते वाचायला लागलो, "आमच्या वाहिनीकडून अनवधानाने प्रसारित झालेल्या..."

"ह्ये अनवधान कोण?" वडिलांनी विचारलं. "त्यांला का न्हाय आणलं?"

जमलेल्यांत हशा पिकला. लावण्याही हसली, सोमवारनंतर पहिल्यांदाच. सहावा, सातवा, आठवा टेक मी काय बोललो ते मला आठवत नाही. लावण्या सांगते की आठव्यात मी अखेरीस 'आणि आता घेऊया छोटासा ब्रेक' असं म्हणालो. नवव्या टेकला हातातला कागद ओढल्यासारखा वाटला. बघतो तर नवरदेव. त्यानं माझा अर्धा खुलासा तोंडात घेतला होता आणि शनिवारी पडद्यावर चघळत होता त्याच चवीनं, त्याच तोऱ्यात तो चघळत होता. लाळ अजिबात गळत नव्हती. मी ओढलं तेव्हा उरलेला अर्धाही त्यानं नेला.

दहाव्या टेकला माझ्याकडे कागद नव्हता. मी म्हणालो, "चूक झाली." आणि थांबलो.

बिरूनं कॅमेरा बंद केला नाही. कॅमेऱ्याच्या मागूनच, हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "सर, त्या दिवशी केबिनमदीबी मी वाट बघत हुतो. म्हटलं, आता बोलतील. मग म्हटलं, जिन्यात येतील मागनं."

मी त्याला म्हटलं, पुन्हा घे.

अकराव्या टेकमध्ये मी जे बोललो ते फार लहान होतं. मी म्हणालो, "मी शेटे. शनिवारी आजारी मेंढ्यांच्या बातमीत आम्ही ही मेंढरं दाखवली. ही आजारी नव्हती, आजही नाहीत. हे जुनं चित्र होतं. ते लावायला मी सांगितलं. जुनं आहे असं लिहायचं का, हे मला विचारलं होतं. मी नको म्हणालो. नंतर विचारणा झाली तेव्हा मी बिरूचं नाव पुढं केलं. त्याचा यात काही संबंध नव्हता. तो त्या दिवशी ऑफिसातही नव्हता."

मेंढरांचा चरण्याचा आवाज तेवढा येत होता. मला वाटलं, आता वडील काही बोलतील. रागावतील किंवा माफ करतील. दोन्हीची मी तयारी केली होती. ते माझ्याकडे वळलेच नाहीत. बिरूजवळ गेले, त्याच्या हातून काठी घेतली आणि म्हणाले, "सकाळपासनं काय खाल्लंस का न्हाय?"

तो म्हणाला, "न्हाय."

"मग जा की. आई वाट बघत आसंल. ह्यांला बी ने."

त्यांच्या घरी मी भाकरी खाल्ली. ताटात टाकून उठायची सोय नव्हती. बिरूच्या आईनं दोनदा वाढलं.

संध्याकाळी सातच्या बुलेटिनमध्ये ती चाळीस सेकंदं मी कुणालाही न विचारता लावली. कोपऱ्यातली साडी महोत्सवाची जाहिरात इरफानभाईंनी काढून टाकली. मला न विचारता. सात वाजून नऊ मिनिटांनी पुण्याहून साहेबांचा फोन आला.

"शेटे, खुलासा दहा सेकंदांचा असतो. हे काय कीर्तन लावलंय?"

"साहेब, मी तुमच्याशी खोटं बोललो होतो."

साहेब म्हणाले, "ते दिसलं. आणि परत कधी पडद्यावर येऊ नका. फार वाईट दिसता तुम्ही." पुढच्या आठवड्यात मला लेखी समज मिळाली. ती मी जपून ठेवली आहे.

ती चित्रफीत त्या भागातल्या फोनांवर बरीच फिरली. कारण माझा पश्चात्ताप नव्हता; नवरदेवानं कागद खाल्ला तो तुकडा लावण्यानं परस्पर कुणाला तरी पाठवला होता. पुढच्या रविवारी बाजारात लोक नवरदेवाला बघायला आले. कोकरं विकली गेली. सगळी नाहीत. मागच्या वेळी हात धोतराला पुसणारा तो व्यापारी त्या दिवशीही लांबूनच बघून गेला. एकदा दाखवलेलं पूर्णपणे परत घेता येत नाही, हे मला त्या व्यापाऱ्यामुळे कळलं. त्याच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. त्यानं माझ्या वाहिनीवर विश्वास ठेवला होता, एवढाच त्याचा दोष.

सोमवारी बिरू कामावर आला. मला वाटलं होतं, येणार नाही. मी त्याला म्हणालो, "बिरू, मी..." तो म्हणाला, "सर, पडद्याखालची पट्टी कोण लिहितंय? 'टेंभुर्णी' चुकलंय." आणि लिहायला बसला. अकरा वाजता चहा आला. चहावाला दारात थांबला. लावण्या ताठ झाली.

डिसेंबरात त्यांचे सहा महिने संपले. बिरूच्या फॉर्मवर साहेबांनी सही केली. मग तो फॉर्म माझ्याकडे आला. त्यात एक चौकट माझ्यासाठी असते: विद्यार्थ्याबद्दल मार्गदर्शकाचा अभिप्राय. मी पान भरून लिहिलं. दुसरी चौकट विद्यार्थ्याची असते: मार्गदर्शकाबद्दल अभिप्राय. ती मार्गदर्शकानं वाचायची नसते. फॉर्मचं पाकीट उघडंच होतं. मी वाचली.

बिरूनं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'सर चांगले शिकवतात. चूक कबूल करायला त्यांना अकरा टेक लागतात. बाकी तक्रार नाही.'

मी सही केली, पाकीट चिकटवलं आणि कॉलेजला पाठवून दिलं. त्याच्या मोजणीत एक कमी पडला होता, पण तो फॉर्म दुरुस्त करायचा अधिकार मला नव्हता. अकरा नव्हते, बारा होते. पहिला टेक साहेबांच्या केबिनमध्ये झाला होता, त्याच्या वडिलांसमोर.